क्रेनखालचे शिष्टाचार

ताईस धाकटीचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

रविवारी दुपारी बोर्डिंगच्या मागच्या पायरीवर बसून आपण दोघी कॅनव्हासच्या बुटांना पांढरं पॉलिश लावायचो, ते आज सकाळपासून का कोण जाणे डोळ्यांसमोर आहे. तुझे दोन्ही बूट वाळून खिडकीत उभे राहायचे तरी माझा पहिला अजून ओलाच, आणि पॉलिश बुटापेक्षा माझ्या कोपरांना जास्त. मग तू काही न बोलता माझा दुसरा बूट ओढून घ्यायचीस. सिस्टर वरच्या गॅलरीतून म्हणायच्या, धाकटीचं धाकटीला करू दे. तू म्हणायचीस, हो सिस्टर, आणि ब्रश चालूच. (सिस्टरांना उघडउघड फसवायची हिंमत आख्ख्या बोर्डिंगमध्ये तुझ्या एकटीत होती, आणि तरी मॉनिटरचा बिल्ला तुलाच. ह्याला म्हणतात नशीब.) ह्यातून काही सुचवायचं नाही. नुसतं आठवलं.

तुझे गुडघे कसे आहेत? डाव्याचं आधी सांग, कारण उजवा बरा असला की तू डाव्याबद्दल बोलतच नाहीस. भाऊजींचा खोकला गेला का, की अजून डॉक्टरांना खोटं सांगून बाल्कनीत बसतात? मी बरी आहे. झोप कमी आहे, पण तिचं कारण पुढे येईलच. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण गेल्या काही वेळा मी मेट्रोचा म काढला की तुझा कुकर होतो. सकाळी होतो, दुपारी चारला होतो, परवा तर रात्रीची भांडी घासून झाल्यावर झाला. पत्राला कुकर लावता येत नाही, म्हणून पत्र. मला तुझ्याकडून काहीही नको आहे, हे आधीच स्पष्ट करते. फक्त मन मोकळं करायचंय. हे तुझ्या हातात पडेल त्या सकाळी एक परीक्षा आहे. ती माझी नव्हे, पण माझ्यामुळे पुन्हा द्यावी लागते आहे, आणि आज घरात माझा पाय ठरत नाही.

मी ह्या भानगडीत पडले ती धुळीमुळे. माझ्या खिडकीखाली मेट्रोचं स्टेशन खोदायला घेतलं तेव्हापासून माझ्या घरातल्या प्रत्येक वस्तूला एकच रंग आला. तक्रार करायला म्हणून साइटच्या ऑफिसात गेले. (ऑफिस म्हणजे पत्र्याचा डबा. आत एसी, बाहेर चिखल.) तिथे एक तरुण मुलगी कपाळाला हात लावून बसली होती. तिला सगळे वेल्फेअर मॅडम म्हणतात. मी धुळीबद्दल बोलायला तोंड उघडलं, तर ती माझं बोलणं ऐकायचं सोडून माझा आवाज ऐकत बसली. मग म्हणाली, तुम्ही शिक्षिका होतात का? मी म्हटलं, होते, आयुष्यभर, वक्तृत्व आणि शिष्टाचार. तिने मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि चहा संपेपर्यंत डोक्यावर हेल्मेट ठेवलं होतं. तुला माहीत आहे माझं. दुकानात वस्तू परत करायला जाते आणि आणखी दोन घेऊन येते.

गोष्ट अशी की ह्या कामाच्या करारात एक अट आहे. लाईनच्या कडेला ज्या वस्त्या आहेत, गरिबांच्या, आणि ज्यांची आडनावं ऐकली की आपल्यातले घरमालक ‘खोली कालच गेली’ म्हणतात त्यांच्या, तिथल्या माणसांना कामावर अमुक इतका वाटा द्यायचा. अट चांगली, आणि ती पाळलीही जात होती. झाडूने. वस्तीतली माणसं घ्यायची, हातात झाडू नाहीतर चहाची किटली द्यायची, आणि वर कळवायचं की वाटा पुरा झाला. वेल्फेअर मॅडमने हट्ट धरला की निदान काही बायकांना खरं कौशल्याचं काम शिकवा. कंत्राटदाराचे मॅनेजर हसले आणि हो म्हणाले. ह्यांना हे जमणार नाही ह्याची त्यांना एवढी खात्री होती.

ते काम समजून घे, म्हणजे पुढची माझी करणी कळेल. क्रेन चालवणारा माणूस तीन मजल्यांच्या उंचीवर बसतो. भार कुठे उतरतोय ते त्याला वरून दिसत नाही. खाली एक जण उभा राहून हातांच्या खुणांनी आणि वॉकीटॉकीवर सांगतो, वर घे, डावीकडे घे, सावकाश, थांब. त्याला सिग्नलमन म्हणतात. (बायका करणार असं ठरलं तरी सिग्नलमनच म्हणतात. मी एकदा विषय काढला, तर मुकादम म्हणाला, बाई, आधी करू तर द्या.) हातांच्या खुणा बायकांनी आठवड्याभरात उचलल्या. अडचण आवाजाची होती. साहेब दिसला की गप्प राहायचं, हे त्यांना आईच्या पोटातूनच शिकवलेलं. वॉकीटॉकी हातात दिला की त्याच्याकडे नुसत्या बघत राहायच्या. त्यांचा आवाज मोकळा करायला मला नेमलं होतं, ताई. मी त्या आवाजाला इस्त्री केली.

इस्त्रीवरून सांगते. ह्या बायकांतली सगळ्यात हुशार आमची इस्त्रीवाली. कित्येक वर्षं माझ्या फाटकासमोर टेबल टाकून ती कोळशाच्या इस्त्रीने आख्ख्या गल्लीचे कपडे करायची. मेट्रोचे पत्रे ठोकले तेव्हा पहिलं तिचं टेबल गेलं. नवरा परगावी, सासू अंथरुणाला खिळलेली, आणि पाठीवर सहा महिन्यांचं पोर. ती मला सरळ म्हणाली, बाई, ह्या लाईनने माझी जागा घेतली, आता हिच्याकडूनच वसूल करायची. तिला झाडूचं काम लगेच मिळत होतं. घेतलं नाही. म्हणाली, झाडू मारायला मला कुणाची अट कशाला हवी? सिग्नलची नोकरी पक्की असते, ह्या स्टेशननंतर पुढच्या स्टेशनला, मग त्याच्या पुढच्या. त्या बायकांच्या गटाचं सगळं तिच्यावर अवलंबून होतं, कारण ती पास झाली तर बाकीच्या तिच्या मागोमाग होणार, आणि ती नापास झाली तर मॅनेजर म्हणणार, बघा, जी सगळ्यात बरी तिची ही तऱ्हा.

तर मी शिकवू लागले. पत्र्याच्या शेडमध्ये, सिमेंटच्या गोण्यांवर बसवून. ताठ उभं राहावं. कुणाकडे बोट करू नये. आवाज चढवू नये. आधी नमस्कार, मग आपण कोण ते सांगावं, मग विनंती, मग आभार. आणि सगळ्यात पहिला नियम, वडीलधारं माणूस बोलत असताना मध्ये तोंड घालू नये, त्यांचं संपेपर्यंत थांबावं. (हा नियम आपल्याला सिस्टरांनी शिकवला तेव्हा आपल्या डोक्यावर काही लटकत नव्हतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.) बायका एवढ्या मन लावून शिकल्या की मला भरून यायचं. इस्त्रीवाली वॉकीटॉकीवर म्हणायची, “काका, नमस्कार, मी खालून बोलते आहे. कृपया थोडं डावीकडे घ्याल का? आभारी आहे.” मी शेडच्या दारात उभी राहून रुमालाने डोळे टिपायची.

आणि क्रेनवाले काका तर विरघळलेच. उभ्या जन्मात त्यांच्याशी त्या वॉकीटॉकीवर कुणी शिवीशिवाय बोललेलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी ते दाढी करून आले. मग केबिनची काच पुसू लागले. उत्तरंही तशीच द्यायला लागले, ताई आपण म्हणाल तसं, ताई आपली आज्ञा. मग आज्ञेनंतर जरा हवापाणी. मग मुलीचं सासर. मग त्यांची खालची दाढ, जी काढावी की ठेवावी ह्यावर दोन डॉक्टरांचं एकमत होत नव्हतं. मुकादमाने मला बाजूला घेऊन सांगितलं, बाई, हे क्रेन आहे, पारावरच्या गप्पा नव्हेत. मी म्हटलं, सौजन्याने काम बिघडत नाही. हे वाक्य मी म्हटलं, ताई, ह्याच तोंडाने.

मग परीक्षेचा दिवस आला. करार पाळला जातोय का ते बघायला वरून मोठे साहेब आले, पांढरं हेल्मेट, नवे बूट. मॅनेजर त्यांच्या कोपराला चिकटलेले. बायका रांगेत उभ्या, नव्या नारिंगी जाकिटांत. मी जरा लांब, पर्स छातीशी धरून. लोखंडी सळ्यांचा भारा ट्रकवरून उचलून खड्ड्याच्या काठावर ठेवायचा होता, तीन वेळा. पहिला भारा पिसासारखा उतरला. दुसरा उतरला. साहेबांनी मान हलवली. मला वाटलं, आता कुणीतरी माझा सत्कार करणार.

तिसरा भारा वर असताना मॅनेजरना साहेबांना सगळं जवळून दाखवायची उबळ आली. भाऱ्याखाली कुणी येऊ नये म्हणून बांधलेली लाल दोरी त्यांनी बोलता बोलता उचलली आणि साहेबांना आत नेलं. दोघांची पाठ क्रेनकडे. भारा वरून खाली येतोय, बरोबर त्यांच्या डोक्यावर. इस्त्रीवालीने पाहिलं. तिने वॉकीटॉकी तोंडाशी नेला. त्यातून काकांचा आवाज येत होता, दाढेबद्दल, दुसरा डॉक्टर काय म्हणाला ते. ती थांबली.

ताई, ती त्यांचं बोलणं संपायची वाट बघत होती. भारा खाली येतोय, सळ्यांची टोकं हलताहेत, आणि ही पोरगी ओठ मिटून, ताठ, मी शिकवलं तसं उभी. काकांचं बटण दाबलेलं, त्यांना खालचं काही ऐकू जात नव्हतं, पण निदान हात तरी वर करायचा. तोही तिने केला नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. वर्गात मूल परवानगी मागायला बघतं ना, तसं. त्या नजरेत मला माझा सगळा अभ्यासक्रम दिसला. माझ्या घशातून जो शब्द निघाला तो मी इथे लिहीत नाही. आपल्या शाळेचा फाटकवाला भटक्या कुत्र्यांना हाकलताना तो वापरायचा, एवढं सांगते. सिस्टर असत्या तर मला नाही, त्यांना उचलून न्यावं लागलं असतं.

शब्द पुरा व्हायच्या आत ती मोकळी झाली. दोन्ही हात वर फेकून ती दोरीच्या आत धावली, काकांना दिसेल अशी, आणि वॉकीटॉकीशिवायच अशी ओरडली की शेडचा पत्रा वाजला. “काका, दाढ गेली खड्ड्यात, थांब! ए पांढऱ्या टोपीवाल्या, मरायचंय का तुला? हो मागे!” भारा थांबला. उंच माणसाने हात वर केला असता तर लागला असता, एवढ्या अंतरावर, झुलत. साहेब मागे झाले ते सिमेंटच्या ओल्या काल्यात बसले. नवे बूट वर, बाकीचे साहेब खाली. काकांचा वॉकीटॉकी तेवढा अजून चालू होता, त्यातून बारीक आवाज आला, ताई, काही चुकलं का?

कुणी हसलं नाही. मला अजूनही हसू येत नाही, एरवी अशा प्रसंगी माझं काय होतं ते तुला माहीत आहे. मॅनेजर दोरीच्या आत आपण नेलं हे विसरून म्हणाले, बघितलंत साहेब, आधी तोंड उघडत नाहीत, आणि उघडलं की हे असं. मुकादम म्हणाला, मी म्हणत होतो, झाडू बरा. इस्त्रीवाली हात खाली न घेता तशीच उभी होती, कारण भारा अजून वर होता. साहेब उठले. पाठ करडी झालेली. त्यांनी एकच विचारलं, ही आधी थांबली का?

मी पुढे झाले आणि सांगितलं. शिष्टाचार, पहिला नियम, दाढ, सगळं. साहेबांनी पाठीवरचा काला झटकला. मग म्हणाले, आठवड्याने पुन्हा परीक्षा, हीच क्रेन, ह्याच बायका, सगळ्या हजर पाहिजेत. आणि ह्या मॅडम फाटकाच्या आत नकोत. (हे त्यांनी इतक्या सौजन्याने म्हटलं की मी आभारी आहे म्हणून बसले.) संध्याकाळी इस्त्रीवाली माझ्या दारात आली. मला वाटलं, बोलणार चार शब्द, आणि बोलावेतच. ती म्हणाली, “बाई, रागावू नका. तुम्ही शिकवलेलं मी त्या वेळी सगळं विसरले.” मी तिला आत घेतलं, आणि त्यानंतर आठवडाभर आमच्या दिवाणखान्यात उलटी शिकवणी चालली. त्या सगळ्या जणी माझ्यावर ओरडायच्या. मी मध्ये मध्ये दाढेबद्दल बोलायची आणि त्यांनी मला तोडायचं. शेवटी शेवटी फार छान तोडायला लागल्या. खालच्या मजल्यावरचे काठी घेऊन वर आले होते.

एवढं झाल्यावर परीक्षेची काळजी नसायला हवी, नाही का? पण मॅनेजरनी काल एक नवीन नियम बाहेर काढला. फाटकाच्या आत लहान मूल नको. नियम योग्यच आहे, त्याच्याशी मी भांडू शकत नाही. आतापर्यंत ही पोरं अवजारांच्या शेडमध्ये टोपलीत झोपायची, ते बघून माझाच जीव खालीवर व्हायचा. पण पाळणाघरासाठी जागा द्यायची हेही त्याच करारात आहे, आणि ती जागा त्यांचे लोक कधीपासून ‘शोधत’ आहेत. गटातल्या चौघींच्या कडेवर पोरं. घरी ठेवायला कुणी नाही. चौघी आल्या नाहीत की सगळ्या हजर नाहीत, आणि सगळ्या हजर नाहीत की मॅनेजर वर कळवणार, ‘उमेदवार उपलब्ध नाहीत’. हे वाक्य ते आत्तापासूनच गुणगुणताहेत. मग पुन्हा झाडू, ह्या स्टेशनला, पुढच्या स्टेशनला. वेल्फेअर मॅडमने शाळा, दवाखाना, देवाची सगळी घरं विचारून पाहिली. उद्यापर्यंत कुठेच जमत नाही.

असं आहे सगळं. तू तब्येतीला जप. भाऊजींना नमस्कार. त्यांना म्हणावं, बाल्कनीचं मी कुणाला सांगितलेलं नाही.

तुझी
धाकटी

ता. क. वर मी म्हटलं की मला तुझ्याकडून काही नको. मला नकोच आहे. पण तुझ्या सोसायटीचा तळमजल्याचा हॉल साइटच्या फाटकापासून रस्ता ओलांडला की समोर आहे, त्यात टेबल टेनिसचं मोडकं टेबल सोडून काही नाही, आणि सेक्रेटरी म्हणून किल्ली तुझ्या कपाटात असते. फक्त माहिती म्हणून लिहिते.

आणखी ता. क. मेट्रोच्या लोकांना हॉल द्यायचा नाही, असा ठराव तुमच्या सभेत झाला हे मला माहीत आहे. ‘ती माणसं आत आली की बाहेर निघत नाहीत’ हे वाक्य कुणाचं तेही माहीत आहे. (तुझ्या शेजारणीचा आवाज फोनवर फार स्वच्छ येतो.) ते वाक्य ऐकून मी रात्रभर तुझ्याशी मनात भांडले, आणि प्रत्येक वेळी तूच जिंकलीस, म्हणून भांडण सोडून दिलं. ही मेट्रोची माणसं नव्हेत, ताई. अजून तरी नव्हेत. तेच तर ठरायचंय.

शेवटचं ता. क. मी मॅडमना सांगून आले की तू हो म्हणालीस. म्हणजे हॉल मिळालेला आहे, तुला कळायचं तेवढं राहिलं. सभेला काय सांगायचं ते सभेला सांगू. माझं नाव घाल, माझी बदनामी आधीच पुरेशी झाली आहे. आता पत्राबरोबर धाडलेल्या पिशवीतलं ज्याचं त्याला दे. बिस्किटांचा डबा भाऊजींचा, बिनसाखरेची आहेत, तोंड वाकडं करतील, करू दे. लोकरीचे गुडघेपट्टे तुझे. डावा जरा सैल विणलाय. छत्री तुमच्या वॉचमनची, मी मागच्या खेपेला चुकून नेली होती. जुन्या चादरी हॉलच्या फरशीवर घालायला. हॉलची किल्ली वेल्फेअर मॅडमना द्यायची. त्या बाकीची तीन पोरं घेऊन खाली उभ्या असतील, वर यायला संकोचतील, तूच खाली जा. आणि हे पत्र घेऊन जी दारात उभी आहे ती इस्त्रीवाली. तिच्या पाठीवर आहे ते तुला. दूध पाजलेलं आहे, दुपारी मधल्या सुट्टीत ती पुन्हा येईल. पत्र वाचून झालं असेल तर आता बोलत बसू नकोस, घे त्याला. तिला दोन्ही हात मोकळे लागतात.